छेदात एक

पौषात रातांबे फुलतात तेव्हा
मी घरोघर फिरते. गळ्यात भिंग,
फायलीत चौकटींचे कागद.
फुलाच्या पोटात हिरवा मणी दिसला की लिहायचं : मादी.
नुसतेच पिवळे केसर : नर.
बी रुजल्यापासून सात-आठ वर्षं
झाड याबद्दल अक्षर काढत नाही.

मोचेमाडच्या उतारावर लुदोविक फर्नांडिसांची बाग,
एकशे अठरात एकसष्ट माद्या.
रुकय्याबी मुकादमांच्या विहिरीपाशी तेवीसात नऊ.
केळुसकर मास्तरांकडे दोनात दोन.
"शंभर टक्के!" मास्तर म्हणाले, "ठळक लिहा."
आणि गडग्याच्या अल्याड
जयवंती मोंडकरणीच्या परड्यात
एकात शून्य.

"एकच रोप जगलां माजां," ती म्हणाली,
"नि तां निघालां दादलो."

अशी एकेचाळीस घरं.
साहेब म्हणाले, टक्के काढा, सरासरी मारा,
साडेपाचची शिरोडा गाडी आहे.
टक्के काढले की छेद पुसला जातो,
मग मोंडकरणीचं एक झाड
आणि लुदोविकची अख्खी बाग
समोरासमोर तोलाला बसतात.
परडं आणि पारडं,
मध्ये एका कान्याचा फरक.
बरं, सगळी झाडं एकाच राशीत ओतली
तर लुदोविक तेवढा बोलतो,
बाकी चाळीस घरांचे नुसते ओठ हलतात.

रात्री वेंगुर्ल्याच्या खोलीत मॉडेल लावलं.
आधी शून्याचं लॉजिट घेऊन पाहिलं होतं हाताने :
तळच लागत नाही,
निवतीच्या खडकांपलीकडे दोरी सोडावी तसं.
म्हणून टक्का नाही, जोडी द्यायची :
इतक्यांत इतक्या.
घराला त्याच्या छेदाइतकं वजन,
आणि वर घराघराचा आपला एक कल,
एका आईच्या बिया, एका विहिरीचं पाणी,
भावंडं एकमेकांवर जातात, तेवढ्यापुरता.

मॉडेल मास्तरांच्या शंभराला
हात धरून जिन्यावरून खाली आणतं,
मोंडकरणीच्या शून्याला बखोट धरून वर.
रुकय्याबींना जरासं सरकवतं.
लुदोविकला नुसतं विचारतं, बरं आहे ना,
आणि पुढे जातं.
ज्याच्याकडे पुरावा थोडा
त्याने गावाच्या अंगाला झुकायचं.
मला हे न्यायाचं वाटलं. झोप चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं :
तुमच्या परड्यात मादी यायचा संभव
शंभरात अठ्ठेचाळीस.
ती हसली. पदरात हात पुसले.
"मगे तां ह्या झाडाक सांग."

तिचा मुलगा कोयता घेऊनच उभा होता.
नराचं काय करायचं ते इथे कुणी विचारत नाही,
सोलं नाहीत, तेल नाही, जागा मात्र अडते.
बुंध्यावर एक खाच आधीच पडलेली,
पांढरी, ओली.
आणि मी कागदाकडे बघत राहिले,
शाळेत शिकवलेला तोच शब्द :
वर अंश, खाली छेद.

तेवढ्यात चिलटाएवढी माशी
तिच्या झाडाच्या फुलातून निघाली, पिवळी होऊन,
गडग्यावर क्षणभर टेकली,
आणि मास्तरांच्या दोनांपैकी
जवळच्या झाडावर गेली.
मैलभरात दुसरा नर नाही;
मास्तरांच्या परातीत वैशाखात लाल साली वाळतात
त्या कुणाच्या जिवावर,
हे मी कुठे लिहिलं होतं?
मी तर घरं सुटी धरली होती.
सगळं गणित त्या गडग्यावर उभं होतं.

"थांब रे," मी म्हटलं, "माझं मोजून व्हायचंय."

पट्टी नव्हती. हातानेच एक वाकडी रेघ ओढली,
वर लिहिलं : शेजार.
मास्तरांच्या ओळीत : गडग्यापलीकडे एक नर.
मोंडकरणीच्या ओळीत तसंच ठेवलं,
एकात शून्य,
आणि तिच्याकडे पाणी मागितलं,
उगाच, वेळ काढायला.